लाल दिवा लागला, पुढे काय?

(सेंगकांग येथे मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गाणी झाली, नाट्यछटा झाली, आणि आता भोजनाआधी आम्हा दोघा भावांना वीस मिनिटे दिली आहेत. विषय ऐकून काही जणांनी मघाशीच विचारले, "मदतनिधीच्या कार्यक्रमात मोटारीच्या इंजिनाचे काय काम?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर शेवटी देऊ, तोवर थोडा धीर धरा.

आम्ही दोघेही सॉफ्टवेअरमध्ये आहोत. पण शिक्षण सांगलीच्या वालचंद कॉलेजमध्ये मेकॅनिकलचे. हे कॉलेज १९४७ साली सुरू झाले आणि १९५५ पासून वालचंदांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. सोलापूरच्या याच शेठ वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली, १९६४ मध्ये डिलाइट आली आणि १९७४ मध्ये तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून तुमच्यापैकी बहुतेक जण हिंडलेले असतील. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली.

आमच्या अण्णांची पद्मिनी १९७५ सालची. त्यांनी ती १९८८ मध्ये जुनीच घेतली. आई तिच्यावरच गाडी शिकली. आम्ही दोघे तिच्या मागच्या सीटवर भांडत मोठे झालो. इथे सिंगापुरात दहा वर्षांचे सीओई संपले की चांगली धडधाकट गाडी सुद्धा निघून जाते. ब्लॉकच्या बहुमजली पार्किंगमध्ये दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी दिसली की आम्ही थांबून बघतो. म्हणून पन्नाशीला आलेली गाडी रोज चालते हे इथल्या मित्रांना सांगितले की त्यांना खरे वाटत नाही.

आता मुद्द्यावर येतो.

२०२४ च्या एप्रिलमधली गोष्ट. रात्री साडेदहा वाजता, म्हणजे तिकडे आठ, अण्णांचा फोन आला. "अरे, मिरजेहून येताना सिग्नलला थांबलो आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. गाडी पळवली की जातो." आम्ही ब्लॉकखाली व्हॉइड डेकवर येऊन बसलो, म्हणजे घरातली मुले उठायला नकोत, आणि व्हिडिओवर तपासणी सुरू केली.

पुढे जाण्याआधी हा दिवा काय सांगतो ते बघू. इंजिनाच्या तळाशी ऑइलचे भांडे असते, गॅरेजमध्ये त्याला चेंबर म्हणतात. तिथून जाळीतून पंप ऑइल ओढतो आणि ब्लॉकमधल्या वाटांनी क्रँकच्या बेरिंगांपर्यंत ढकलतो. तिथून ते क्रँकच्या पोटातल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगांत जाते, वर कॅमशाफ्टला आणि टॅपेटच्या रॉकरला जाते, आणि सगळीकडून ठिबकत पुन्हा चेंबरमध्ये येते. हे चक्र इंजिन चालू असेपर्यंत थांबत नाही.

इथे एक गैरसमज असतो. पंप दाब निर्माण करतो असे आपण म्हणतो. खरे तर पंप फक्त ऑइल ढकलतो. दाब होतो तो पुढे वाट अरुंद असल्यामुळे. क्रँक आणि बेरिंग यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी फट असते. त्या फटीत ऑइलचा पातळ थर टिकतो आणि क्रँक त्या थरावर तरंगत फिरते. लोखंड लोखंडाला लागतच नाही. दाब पडला की थर फाटतो, आणि मग बेरिंग खरवडायला, ठोकायला आणि शेवटी धरायला फार वेळ लागत नाही. म्हणून लाल दिव्याचा पहिला नियम असा, की इंजिन बंद करायचे. घर दोन मिनिटांवर असले तरी बंदच.

दाब कमी होण्याची कारणे मोजकी आहेत. ऑइल कमी असेल. ऑइल पातळ झाले असेल. जाळी तुंबली असेल. पंप झिजला असेल. जास्तीचा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे उघडाच राहिला असेल. बेरिंगांची फट वाढली असेल. आणि शेवटचे, दाब ठीक असेल पण दिव्याचा स्विचच खोटे बोलत असेल.

यातली फट वाढण्याची गोष्ट जरा समजून घेण्यासारखी आहे. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, जवळजवळ आठपट होते. घनाचा नियम आहे. म्हणून बेरिंग थोडी जरी झिजली तरी गरम इंजिनात दाब झपकन उतरतो. आणि गरम का, तर ऑइल तापले की पातळ होते. जुन्या गाड्यांत घालतो ते २०डब्ल्यू-५० ऑइल ४० अंशांवर जेवढे दाट असते, त्याच्या साधारण एक नवमांश दाट ते १०० अंशांवर उरते. सकाळी ठणठणीत वाटणारे इंजिन दुपारच्या सिग्नलला लाल दिवा दाखवते ते यामुळे.

आता आम्ही त्या रात्री काय केले ते ऐका. दिवा फक्त गरम इंजिनात, फक्त आयडलिंगला लागतो, हे कळले. अण्णांनी डिपस्टिक काढून कॅमेऱ्यासमोर धरली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत होते, उलट किंचित जास्तच. आम्ही खूष. ऑइल आहे, आवाज नाही, म्हणजे स्विच खराब. आम्ही सांगितले, "अण्णा, स्विच बदला. काही काळजी करू नका, तुम्ही गाडी चालवा."

हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. आमच्या मनातून ते अजून गेलेले नाही.

अण्णांनी स्विच बदलला. दिवा लागतच राहिला. मग आम्ही म्हणालो, गॅरेजवाल्याने ऑइल हलके घातले असेल. तेव्हा पातळी वर दिसत होती तिचा अर्थ आम्ही असा लावला, की पोराने जरा जास्त ओतले. आठवडाभराने दिवा लागणे वाढले. आता आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन बसलो, फटीचा घनाचा नियम मांडला आणि निकाल दिला. बेरिंग गेल्या. इंजिन खोलावे लागणार. एका गॅरेजने साठ हजारांच्या पुढचा अंदाज दिला. क्रँक ग्राइंड करायची, नव्या बेरिंग, आणि उघडलेच आहे तर पिस्टन-रिंगा.

अण्णा फोनवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग विकून टाकतो. भंगारवाला दोनदा विचारून गेलाय."

मंडळी, पैशांचा प्रश्न नव्हता, आम्ही ते पाठवले असते. आई २०१९ मध्ये गेली. त्यानंतर अण्णा घराबाहेर पडतात ते या गाडीमुळे. दर शनिवारी मिरजेला मावशीकडे जातात, वाटेत दोन मित्रांना घेतात. गाडी गेली तर शनिवारही जाणार, हे आम्हाला सेंगकांगमध्ये बसून दिसत होते. आणि हेही दिसत होते की त्यांना साठ हजारांपेक्षा 'पोरं म्हणतात म्हणजे संपलंच' या गोष्टीचा धक्का बसला होता. आमच्या पदवीवर त्यांचा आमच्यापेक्षा जास्त विश्वास.

मे महिन्यात रजा काढून आम्ही दोघेही गेलो. बॅगेत ऑइलच्या दाबाचा एक साधा यांत्रिक गेज नेला. आणि अण्णांच्या आग्रहाखातर गाडी मिरज रस्त्यावरच्या आमच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे ढकलत नेली. पूर्वी त्यांच्याकडे पद्मिन्यांची रांग असायची. आता पत्र्याची एक शेड, एक स्टूल आणि भिंतीला टांगलेले पाने उरले आहेत. इतके दिवस आम्ही त्यांना विचारलेच नव्हते. त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, हे एक कारण. दुसरे कारण सांगायला लाज वाटते. आम्हाला वाटले, आम्ही इंजिनिअर आहोत.

काकांनी गाडी सुरू करायला सांगितले नाही. डिपस्टिक काढली, ऑइल अंगठा आणि बोटात चोळले, नाकाशी नेले आणि आमच्यापुढे धरले.

"पोरांनो, वास घ्या."

पेट्रोल. स्पष्ट वास. मग त्यांनी जुन्या वर्तमानपत्रावर एक थेंब टाकला. चांगले ऑइल कागदावर हळूहळू पसरते. हा थेंब भराभर फाकला आणि त्याच्याभोवती फिकट कडे उठले. काका म्हणाले, "ऑइल कुठे जास्त आहे? जास्त आहे ते पेट्रोल. एसी पंपाचा पडदा फाटलाय."

नवीन मंडळींसाठी सांगतो. जुन्या गाड्यांत पेट्रोल ओढायला इलेक्ट्रिक पंप नसतो. इंजिनावरच बसवलेला यांत्रिक पंप असतो, आपल्याकडच्या गॅरेजांत त्याला 'एसी पंप' म्हणतात. त्यात रबरी-कापडी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, वरखाली होतो. त्याला चीर गेली तरी पंप बरेच दिवस पेट्रोल पुरवत राहतो, गाडी बंद पडत नाही. पण थोडे थोडे पेट्रोल खाली चेंबरमध्ये झिरपत राहते. ऑइल पातळ होते, दाब पडतो आणि डिपस्टिकवर पातळी मात्र वाढलेली दिसते. आमच्या कॅमेऱ्यासमोर पहिल्याच रात्री हा पुरावा होता. जे ऑइल वापराने कमी व्हायला हवे ते वाढत का आहे, हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. आणि वास काही व्हिडिओवरून येत नाही.

पडदा का फाटला? जुने रबर, आणि कदाचित इंधन. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. १९७५ चे रबर इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. ते त्यात फुगते, मऊ पडते, चिरते. ज्यांच्या घरी अजून जुनी गाडी किंवा स्कूटर आहे त्यांनी पेट्रोलच्या नळ्या, पडदे आणि वॉशर एकदा बघून घ्यावेत. इथेनॉल सोसणारे भाग मिळतात.

तरीही काकांनी आमचा गेज बाजूला ठेवायला सांगितले नाही. उलट म्हणाले, "लावा. नाकावर इंजिन सोडत नसतात." स्विच काढून त्या भोकात गेज बसवला. पेट्रोलमिश्रित ऑइल घेऊन आम्ही इंजिन फार वेळ चालवले नाही, आणि शेडपाशी कुणी बिडी पेटवणार नाही याची काकांनी आधी खात्री केली, कारण चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ असते. गार इंजिन, आयडलिंग : ३२ पौंड. गरम इंजिन, आयडलिंग : जेमतेम ५. गरम, थोडी रेस देऊन : १८. दिव्याचा स्विच खरे बोलत होता. तीन आठवडे तो खरेच बोलत होता.

हे तीन आकडे प्रत्येक वेळी घ्यावेत, कारण त्यांच्या आकारातच रोग दिसतो. गारमध्ये बरा आणि गरममध्ये पडतो, तर ऑइल पातळ किंवा बेरिंगची फट. गार-गरम दोन्हीत कमी, तर पंप, जाळी किंवा रिलीफ व्हॉल्व्ह. काटा थरथरतो किंवा वळणावर पडतो, तर ऑइल कमी आहे, पंप हवा ओढतो आहे. आणि गेजवर दाब उत्तम पण दिवा चालू, तेव्हाच स्विचला दोष द्यायचा. आम्ही शेवटचे उत्तर सगळ्यात आधी दिले होते, न मोजता.

आमच्या आकड्यांवरून पातळ ऑइल आणि झिजलेली बेरिंग हे दोन्ही संशयित उरत होते. यातला फरक कसा करायचा? काकांची पद्धत सरळ होती. स्वस्त ते आधी, खोलायचे ते शेवटी. एसी पंपाचा पडदा बदलला. काढलेल्या पडद्यावर नखाएवढी चीर होती. सगळे ऑइल काढले, फिल्टर बदलला, नवे २०डब्ल्यू-५० घातले, गाडी थोडी फिरवून तेही काढून टाकले आणि पुन्हा ताजे घातले, म्हणजे कोनाकोपऱ्यातले पेट्रोल निघून जाईल. पुन्हा तेच तीन आकडे घेतले. गरम आयडलिंगला १७. रेस दिल्यावर ३८.

आम्ही टाळ्या पिटल्या. काकांनी नाही. त्यांनी विचारले, "दिवा लागल्यावर गाडी किती दिवस चालली?"

अण्णा म्हणाले, "तीन आठवडे. पोरांनी सांगितलं होतं चालवा म्हणून."

काकांनी आमच्याकडे बघितलेही नाही. त्यांनी चेंबर खोलला. जाळी धुतली, पंपाच्या गिअरची फट फिलर गेजने बघितली, ती ठीक होती. मग कनेक्टिंग रॉडच्या एकेक टोप्या खाली घेतल्या. तीन बेरिंग गुळगुळीत, राखाडी. चौथ्या क्रमांकाच्या बेरिंगवर बारीक ओरखडे होते आणि एका कडेला अस्तर घासून चमकू लागले होते. क्रँकला अजून काही झाले नव्हते. नखाने चाचपून बघितले, कुठे अडकत नव्हते. त्या जोडीच्या शेल बेरिंग बदलल्या. काकांच्या मते आणखी एक-दोन मिरजेच्या फेऱ्या झाल्या असत्या तर ती धरली असती, आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता. अण्णांचे मित्र गाडीत असताना, भर रस्त्यात.

एकंदर खर्च त्या साठ हजारांच्या दहाव्या भागापर्यंत सुद्धा गेला नाही. काकांनी मजुरी सांगितली ती ऐकून आम्ही जास्त देऊ केले. ते म्हणाले, "जास्त नको. तो गेज ठेवून जा." आम्ही ठेवून आलो.

२०२५ मध्ये गाडीला पन्नास वर्षे झाली. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपुढच्या खासगी गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. आम्ही हौसेने अण्णांना सुचवले. त्यांनी नियम नीट वाचून घेतला. तशी नोंदणी केली तर गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. अण्णा म्हणाले, "मग मावशीकडे कशाने जाऊ?" विषय संपला. शनिवार चालू आहेत. फरक एवढाच, की आता दर शनिवारी निघण्याआधी ते डिपस्टिक काढतात, वास घेतात आणि आम्हाला फोन करून सांगतात, "वास नाही." आम्ही तेवढ्यासाठी फोनची वाट बघतो.

आता तुमच्या मघाच्या प्रश्नाकडे येतो. आज जमणारा निधी आपल्या भागातल्या मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या अवजारांसाठी जाणार आहे. कार्यक्रम ठरला तेव्हा आम्हीच उत्साहाने एक यादी केली होती. संगणक, स्कॅनर, मोठा पडदा. ती यादी मनाला पटली होती, अगदी 'स्विच खराब आहे' हे पटले होते तशीच. मग या वेळी आम्ही आधी विचारायचे ठरवले. तिथल्या शिक्षकांना विचारले, मिस्त्रीकाकांनाही विचारले. दोघांची यादी आली ती अशी : दाबाचे गेज, फिलर गेज, मायक्रोमीटर, टॉर्क पाना, आणि उघडून जोडायला दोन जुनी इंजिने. एकेका गेजभोवती तीस मुले उभी राहतात, त्यामुळे बहुतेकांच्या हाती तो येतच नाही, असे शिक्षक म्हणाले.

तेव्हा तुमच्या हातातल्या पुस्तिकेच्या पाठीमागे जी यादी छापली आहे, ती आम्ही इथे सेंगकांगमध्ये बसून केलेली नाही. आपण लांब आहोत. आपण पैसे पाठवू शकतो, हिशेब मागू शकतो, तो मागायलाच हवा. पण डिपस्टिकचा वास तिथल्याच कुणाला तरी घ्यावा लागतो. तो माणूस तयार करायला, त्याच्या हातात एक गेज द्यायला आपण मदत करू या.

दाराजवळ पेटी ठेवली आहे. जेवण तयार आहे असा निरोप आला आहे, म्हणून थांबतो. आणि गावी वडिलांकडे जुनी गाडी असेल तर आज रात्रीच फोन करा आणि विचारा, ऑइल कमी झालंय का म्हणून नव्हे, वाढलंय का म्हणून.